बुंदीचा ताजा नमुना

बंगळुरात बसवनगुडीतल्या कुत्र्यांच्या दवाखान्यात लघवी तपासणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तेही मला बुंदीचे वडील म्हणूनच ओळखतात. बुंदी म्हणजे आमची कुत्री. तिच्या लघवीत बारीक स्फटिक निघाले होते. महिनाभर औषध आणि पाणी घालून पातळ केलेलं वेगळं खाणं झालं. एवढं करूनही स्फटिक राहिले, तर पोटात खडा आहे का ते बघायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

मी बुंदीला सोबत घेऊन गेलो आणि लघवीची बाटली दिली. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "स्वल्प आहेत."

मग त्यांनी बाटली गालाला लावली. "अण्णा, ही गार कशी?"

"खराब होऊ नये म्हणून सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवली होती."

"गार पडलं की स्फटिक आपोआप होतात. डोशासारखं आहे हे. ताजंच पाहिजे."

लांब दांड्याचा डाव घेऊन ते स्वतःच बुंदीला बाहेर घेऊन गेले. तिच्यामागून वाकून चालत, "बा पुट्टी, बा" असं कानडीत लाडानं बोलावत होते. दोन रिक्षावाले चहा प्यायचे थांबले. अखेर बुंदी बसली आणि डाव अलगद खाली सरकला.

थोड्या वेळानं त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मी बराच वेळ पाहिलं.

"काहीच दिसत नाही हो."

"तेच बघायला बोलावलं."

निघताना त्यांनी विचारलं, "फ्रिजमध्ये बाटलीशेजारी काय होतं?"

"चटणी."

"सगळ्यांची चटणीच असते," ते म्हणाले. "टाकून द्या."