जुलैमधला 'ताजा' हुरडा

मंडळी, आज रविवारी दुपारी साडेबारा वाजता विश्रामबागमधल्या एका हॉटेलने माझ्या थोरल्या जाऊबाईंना ऐन जुलैत 'ताजा हुरडा' वाढला.

जाऊबाई जतच्या, नुकत्याच मोठ्या आजारातून उठलेल्या. तोंडाला चव नाही, फक्त हुरडा खावासा वाटत होता, म्हणून दारावरची 'ताजा हुरडा' ही पाटी बघून मी त्यांना तिथे नेलं. त्यांनी सवयीने दाणे तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. ताज्या हुरड्याचं उडतं, तसं एकही फोलपट उडालं नाही.

मी जाब विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, फ्रीजरमधला असला तरी गरम आत्ताच केलाय."

जाऊबाईंनी बशी सरकवली. "चल गं घरी. थंडीपतोर थांबते मी."

हॉटेलवाल्यांनो, फ्रीजरमधला हुरडा खुशाल विका. पण पाटीवरचा 'ताजा' खोडा आणि बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला तसं लेखी कळवा. जाऊबाई थंडीपर्यंत थांबतील, मी थांबणार नाही.