आक्काचं बिनबटणांचं जॅकेट

सुरतेत राहून स्वेटर विणणारी बाई मी एकच पाहिली, ती म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे धुळ्याच्या बाजूला थंडी कडक पडते. तिथे शाळेत असताना आक्कानं विणकाम उचललं आणि लग्न होऊन इकडे आली तरी सोडलं नाही. कोसाडच्या आमच्या कॉलनीत ती जिन्यात बसून विणायला लागली की जाणारे-येणारे हसायचे. "मासी, इतनी गरमी में स्वेटर?" आक्का मानसुद्धा वर करायची नाही. तिचे सगळे स्वेटर गावाकडे जायचे. भावाची मुलं, चुलतभावांची मुलं, मग त्यांचीही मुलं. लोकर साधी, टोचणारी, स्टेशनजवळच्या दुकानातली. स्वतःसाठी तिनं कधी काही विणलं नव्हतं.

माझं घर शेजारच्या बिल्डिंगमध्ये. दुपारी कामं उरकली की मी तिच्याकडे जायची. तिच्यामुळे मलाही सुलट-उलट टाके जमत होते, पण माझा हात सैल. चूक झाली की तिला न बघता कळायची. बोटांनी चाचपून म्हणायची, "उसव ते. डोया फुटनात का तुना?" आणि मी उसवायची. घरात आम्ही दोघी अहिराणीच बोलायचो. तिचा मुलगा आणि सून समजायचे सगळं, उत्तर मात्र हिंदी-गुजराती मिसळलेल्या मराठीत द्यायचे.

तिची मुलगी नाशिकला असते. ती नवऱ्याबरोबर मनालीला फिरायला गेली तेव्हा आईसाठी लोकर घेऊन आली. पश्मिना मिसळलेली मेंढीची लोकर, राखाडीत थोडी निळी झाक. आक्कानं एक लडी गालाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून बसली. एवढी मऊ लोकर आम्ही दोघींनी कधी हातात घेतली नव्हती. मग तिनं ती कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिली. मी विचारायची, "कोणासाठी काढणार?" ती म्हणायची, "बघू."

एका पावसाळ्याच्या शेवटी तिनं लडी सोडवून गोळे केले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्हासाठे करस."

स्वतःसाठी करते आहे, हे सांगताना ती चक्क लाजली होती.

साधं जॅकेट करायचं ठरलं. समोरून उघडं, ना बटणं ना काज. पाठीचा एक सरळ चौकोन, समोरचे दोन पल्ले, दोन बाह्या. साडीवर घातलं तर निऱ्या दिसल्या पाहिजेत, आणि डोक्यातून चढवायला नको, असं तिचं म्हणणं. दिवाळीपर्यंत पाठ झाली, उजवा पल्लाही झाला. टाके इतके सारखे, की मशीनवर काढलेत असं वाटावं. "भाच्याच्या लग्नाला घालीन," म्हणाली. लग्न माघात होतं, गावाला.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी मी विरजण मागायला गेले तर ती ओट्याला पाठ टेकून खाली बसलेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. मी हाक मारली तर माझ्याकडे बघत होती, पण काही बोलत नव्हती. तिचा मुलगा पलसाण्याला, कापड रंगवायच्या मिलमध्ये. सून साड्यांना टिकल्या लावायच्या कारखान्यात. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, मी तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेले.

जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं गेलं. घरी आणल्यावर तोंडातून एकच शब्द निघायला लागला. "बरं." पाणी देऊ का? बरं. दुखतंय का? बरं. मी कोण आहे, सांग. बरं. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा तिचा मुलगा आनंदानं ओरडला होता, "मावशी, आई बोलली!" त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही.

दिवसभर तिच्याजवळ मीच असायची. एक मुलगी व्यायाम करून घ्यायला यायची. ती म्हणाली, "त्यांना आवडायचं ते समोर करत राहा, कधीकधी फरक पडतो." म्हणून मी विणकामाची पिशवी काढली. आक्काच्या मुलाला ते पटलं नाही. "कशाला मावशी? तिला त्रास होईल ते बघून." मी म्हटलं, "होऊ दे त्रास. काहीतरी होऊ दे."

तिच्या पलंगाशेजारी बसून मी डाव्या पल्ल्याचे टाके घातले. दर थोड्या वेळानं तिच्यासमोर धरायची, टाक्यांवर बोट ठेवायची. "आक्का, आठे कमी करू का?" बरं. "का अजून सरळच जाऊ दे?" बरं. मी तिच्या डोळ्यांत शोधायची. कधी वाटायचं, आहे ती आत, सगळं कळतंय तिला. कधी तिची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीवर गेलेली असायची.

एकदा मी मुद्दाम टाका सोडला. बारीक नाही, चांगलं बोट जाईल एवढं भोक पडू दिलं. मग पल्ला तिच्या डाव्या हाताखाली ठेवला. तिची बोटं त्यावरून फिरली. भोकापाशी आली, थांबली. मी म्हटलं, "बोल ना आक्का. शिव्या दे मला."

बोट भोकातून आत गेलं, बाहेर आलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. मग येऊन ते सगळं उसवलं आणि पुन्हा विणलं.

माघातलं लग्न आमच्याशिवाय झालं. मी बाह्या केल्या, भाग जोडले. डावा पल्ला उजव्यापेक्षा रुंद झाला होता, खाली लोंबत होता. कितीही ओढूनताणून शिवला तरी दोन हात वेगळे आहेत हे लपत नव्हतं. थंडी सरत आली होती, पण सकाळी तिचं अंग गार पडायचं, मेलेला हात तर जास्तच. आधी उजवा हात बाहीत घातला, जॅकेट पाठीमागून फिरवलं, मग डावा. समोरून उघडं असल्यामुळे सहज गेलं. गाऊनवर ते जॅकेट घालून ती खिडकीपाशी बसली. मी आरसा धरला. तिनं आरशात पाहिलं नाही. डाव्या हातानं उजवा पल्ला, स्वतः विणलेला, मुठीत धरला आणि धरूनच ठेवला. सुटेना. जेवायच्या वेळी मी एकेक बोट सोडवलं.

काही दिवस तिनं ते रोज घातलं. लाळ गळायची, वरण सांडायचं. मी ते गार पाण्यात, केसांच्या शाम्पूत हलक्या हातानं धुवायची आणि टॉवेलवर पसरून वाळवायची. एकदा मला ताप आला, दोन दिवस जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर सून दारातच उभी. डोळे सुजलेले.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं." तिच्या हातात जॅकेट होतं. पलंगावरच्या ओल्या चादरींबरोबर तिनं ते मशीनमध्ये, गरम पाण्यात टाकलं होतं. आटून पाच वर्षांच्या पोरीला होईल एवढं झालं होतं. जाड, घट्ट, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं. टाका म्हणून ओळखू येत नव्हता, आक्काचाही नाही आणि माझाही.

सुनेला काय बोलणार? कारखान्यात दिवसभर मान मोडून यायची, रात्री सासूचं सगळं काढायची. मी म्हटलं, "जाऊ दे गं." ती माझ्या गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही. आत आक्का पलंगावर गाऊन घालून बसली होती. मी ते तिला दाखवलं नाही. नंतरही तिनं कधी ते शोधलं असं मला दिसलं नाही. तेच मला जास्त लागलं.

व्यायामाची मुलगी हळूहळू यायची बंद झाली. डॉक्टर म्हणाले, आता आहे तसंच राहील. मिलमध्ये रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून आक्काच्या मुलानं पलसाण्यालाच खोली घेतली. सामान टेम्पोत चढवलं त्या दिवशी आक्काला खुर्चीसकट उचलून पुढे बसवलं. मी खिडकीतून तिचा हात धरला होता. टेम्पो निघाल्यावर सोडावा लागला.

आता मी रविवारी बसनं जाते. हायवेला लागूनच त्यांची खोली आहे, मिलचा वास दारं लावली तरी आत येतो. मी तिचे केस विंचरते, नखं कापते, गावाकडचं सांगते. कोण वारलं, कोणाला मूल झालं. मागच्या वेळी सून मला म्हणाली, "त्या आता दुपारभर झोपूनच असतात. तुम्ही एवढ्या लांबून येता, त्यांना कळतं की नाही कोण जाणे." वाईट मनानं नव्हती म्हणाली. मी चहा संपवला, आक्काच्या पायांवर चादर घातली आणि बसस्टॉपकडे निघाले.