काठावर बसलेला राजपाल

कमलनगरजवळच्या खेड्यात राजपाल आणि अंजू या भावंडांना विहिरीनं पाण्याचं वेड लावलं. तो वरच्या दगडावरून सूर मारायचा. ती पाठीला रिकामा डबा बांधून त्याच्यामागं हात मारायची.

मोठेपणी दोघांनी हुमनाबादला पत्र्याच्या शेडमध्ये पोहण्याचं सामान करायला घेतलं. राजपाल लाइफ जॅकेटं कापायचा, अंजू शिवायची. नवं जॅकेट आधी त्याच्या अंगावर कारंजा धरणात तरंगायचं, मगच विक्रीला जायचं. माल हैदराबादपर्यंत जाऊ लागला.

आणि एक दिवस धरणावरून येताना बसमध्ये राजपालला फिट आली. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाण्यात उतरणं बंद केलं.

मग जॅकेट घालून अंजू उतरू लागली. राजपाल काठावर बसून सांगायचा, पालथी हो, मान सैल सोड. परतताना मात्र तो ओलं जॅकेट मांडीवर घेऊन बसायचा. त्याची एखादी वस्तू आपण वापरतोय असं तिला वाटायचं.

एका दुपारी ती जीपमध्ये सामान भरत होती. वळून बघते तर राजपाल जॅकेट घालून पाण्यात उताणा पडलेला, डोळे मिटलेले. तिला हाक मारवेना. इतक्यात त्याचे हातपाय ताठ झाले. तिनं उडी घेतली. जॅकेटनं त्याचं तोंड वर धरलं होतं. पट्ट्याला धरून तिनं त्याला ओढत आणलं.

शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "कामून काढलीस?"

"अण्णा, फिट आली होती तुला."

"मला काई कळलं न्हाई. लई बरं वाटायलं होतं."

तेव्हापासून ती त्याला न सांगता धरणावर जाऊ लागली. आईकडं जाऊन येते म्हणायची. तिचे ओले केस त्याला दिसायचे. तो खाली बघून कापड कापत राहायचा.

पुढच्या हिवाळ्यात झोपेतच फिट येऊन राजपाल गेला. विहारातले लोक त्रिशरण म्हणून गेले. पाण्यात गेला नाही एवढं तरी बरं, असं शेजारी म्हणाले. आई भागाबाईनंही तेच म्हटलं, "तू जपलंस म्हणून वर्षभर राहिला, अंजू."

"व्हय," अंजू म्हणाली. "पण काठावर तर बसू द्यायचं होतं मी."

शेड चालू आहे. कापायला दुसरा माणूस ठेवलाय, हात चांगला आहे त्याचा. अंजू त्याच्याशी कामापुरतं बोलते.