पुण्याची पोळी आणि रताळ्याचा डबा

पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी धुळ्याहून सिल्वासाला आलो, तेव्हा डॉ. वसुधाताई सामंत यांच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी माझी परीक्षा झाली. मी नमस्कार केला. ताईंनी टेबलावरच्या कुत्र्याचा कान उचलून धरला आणि मला वास घ्यायला सांगितलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण खरोखरच आंबूस, कुबट वास आला. औषध नंतर, आधी याच्या खाण्याची चौकशी करा, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी कुत्र्यांचे कान हुंगतो आहे आणि घरी त्यावरून यथेच्छ बोलणी खातो आहे.

ताईंनी यंदा साठी गाठली. त्यांच्या कामाविषयी या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी मात्र इथल्याच डोकमर्डी भागातल्या देवरे आजींच्या बिट्टू या कुत्र्याविषयी सांगणार, कारण ताई कशा आहेत हे मला तिथे कळलं.

बिट्टू अंग खाजवून रक्तबंबाळ व्हायचा. ही खरूज आहे, पोरांना लागेल, असा सोसायटीने धोशा लावला होता. आजींचा मुलगा सायली गावातल्या कारखान्यात इंजिनीअर. त्याने वैतागून बिट्टूला सुरंगी गावातल्या एका शेतावर सोडायचं ठरवलं. ताईंनी त्वचा तपासली, खरूज नव्हती. संशय आहारावर होता. त्यांनी मुलाकडून दोन महिने मागून घेतले आणि बिट्टूने कधीच न खाल्लेलं अन्न निवडलं: काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं. बाकी कणभरही काही नाही. निघताना आजी मला म्हणाल्या, "मुलगा-सून कामाला जातात. दुपारभर माझ्याशी बोलायला हाच आहे हो."

बिट्टू सुधारू लागला आणि पुन्हा बिघडला. आजी काहीतरी लपवताहेत, असं मी बोलून गेलो. ताई माझ्यावर अशा उखडल्या की विचारू नका. त्याच संध्याकाळी मला घेऊन त्या डोकमर्डीला गेल्या आणि सोसायटीच्या बाकावर जाऊन बसल्या. पाहतो तर शेजारच्या हंसाबेन तूप लावलेली पोळी घेऊन हजर! रोज कुत्र्यासाठी एक रोटली बाजूला काढायची, हा त्यांच्या घरचा नेम. त्यांच्यामागून आणखी दोघी आल्या. आजींनी हे सांगितलंच नव्हतं. का, तर ते काही खाणं नव्हे, ते दुसऱ्याचं पुण्य! त्याला नाही कसं म्हणायचं?

मी कपाळाला हात लावला. ताईंनी मात्र कुणालाही दुखावलं नाही. आजींना उकडलेल्या रताळ्याचा डबा आणायला लावून त्यांनी प्रत्येकीच्या हातावर एकेक फोड ठेवली. म्हणाल्या, "हंसाबेन, नेम मोडू नका. रोटली गाईला द्या, आणि याला तुमच्या हाताने हे द्या." हंसाबेन जरा घुटमळल्या, पण त्यांनी ऐकलं. मुलगा म्हणाला, आता पुरे. ताई त्याच्यासमोर ठाण मांडून बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून दोन महिने घेऊनच उठल्या. आजींना बाजारात मासा मिळाला नाही, तर त्या स्वतःच्या घरून उकडून पाठवायच्या.

खाज थांबली, केस भरून आले. सगळे खूश असताना ताईंनी काय करावं? बिट्टूला साधी, बिनतुपाची पोळी घालायला सांगितली. आजी रडकुंडीला आल्या. पण दोष गव्हाचाच, याची खात्री केल्याशिवाय ताई सोडतात कसल्या! थोड्याच दिवसांत खाज परतली. पोळी बंद केली, खाजही गेली. मग मुलाने सुरंगीच्या शेतावर फोन करून नकार कळवला. आता कामावर जाण्याआधी तोच रताळी उकडतो.

या ग्रंथाचं कळल्यावर आजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाल्या, "लिही, माझी दुपार रिकामी झाली नाही ती डॉक्टरबाईंमुळे. त्यांना भरपूर वर्षं मिळोत, आणि सगळी धडधाकट." ताई, आम्हा सर्वांचंही तेच मागणं आहे.