कांद्यांनी घेतलेला पदर

सारंगखेड्याला, तापीकाठच्या आमच्या मळ्यात, एका फाल्गुनात कांद्यांनी डोक्यावर पदर घेतला होता... खोटं नाही सांगत! इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, मी आठ-नऊ वर्षांची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण डोळे टकामका उघडे.

माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, त्या साली विधवा होऊन माहेरी परतली होती. कुणी टोचून बोलत नव्हतं, तरी फुकटचं खाते असं वाटून ती एका भाकरीवरच ताटावरून उठायची. आबांकडून, माझ्या वडिलांकडून, तिनं कांद्याचे दोन वाफे मागून घेतले, बी धरायला... "मन्हा हातनं कायतरी होऊ दे, भाऊ."

कांद्याच्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गेंद आले. त्यांना डोंगळे म्हणतात. ऊन तापलं की तिथं जत्रा! बारक्या फुलोरी मधमाश्या, काळा भुंगा, हवेत टांगल्यासारखी थांबणारी एक पट्ट्यापट्ट्यांची माशी...

फुई पदरानं त्यांना हाकलू लागली. "आख्खा रस पी टाकतीन मेल्या! मंग दाना कसा भरी?" तिनं जुनं लुगडं फाडून एकेका डोंगळ्याला फडकं बांधलं.

आबा बघून हसले, "अक्का, कांदास्ले सासरा दिखना का वं?" सासरा दिसताच पदर ओढून घेणाऱ्या सुनांसारखेच दिसत होते ते कांदे.

वाऱ्यानं बांधाकडचं एक फडकं उडवलं. बांधायला मला पाठवलं, तोवर माश्या तिथं बसल्याही होत्या. पायांना पिवळ्या धुळीचे गोळे, तोंड माखलेलं... एक फूल सोडायचं, शेजारचं धरायचं. मी बघतच राहिले, फडकं बांधलंच नाही.

पुढं तेवढ्याच एका डोंगळ्याची बोंडं फुगली. बाकीची हातात घेतली तर पोचट, कागदासारखी. फुईनं नखानं फुगलेलं एक बोंड फोडलं... आत काळेभोर दाणे!

"माश्या बठन्यात तठेच दाना भरना!" ती म्हणाली. मग सगळी फडकी भराभर सोडत सुटली. निम्मे डोंगळे अजून उमलायचे होते, नशीब. "या माय हो, या... पोट भरीसन प्या!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी आल्या. प्रत्येकीच्या पदरात फुईनं चिमूट-चिमूट बी बांधलं. माहेरच्या आसऱ्याला आलेली बाई त्या दिवशी माहेर देणारी झाली... आणि रात्री वहिनीकडून, माझ्या आईकडून, मागून दुसरी भाकर जेवली.

त्या माश्यांचे उपकार मी कसे विसरू?