बसस्टँडसमोरचा बोर्ड

अविनाशराव गेल्याचं त्यांच्या संस्थेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, श्रद्धांजली सभेत दोन शब्द बोलाल का? मी नाही म्हणाले. आता महिना होऊन गेला... राग काही निवला नाही, म्हणून लिहायला बसले.

त्यांची नांदेडला जाहिरात एजन्सी होती. साड्यांची दुकानं, खतं, बियाणं. मजकूर मी लिहायची, मथळा ते द्यायचे, आणि मथळा द्यावा तर त्यांनीच. भूकंप झाला तेव्हा ट्रकभर सतरंज्या घेऊन औशाकडं गेले ते तिकडचेच झाले. लोकांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, ढिगाऱ्यातली मढी उचलली. हे खरं आहे, मी नाकारणार नाही. पुढं एजन्सी मोडून त्यांनी लातूरला भूकंपातल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं आणि मलाही तिथं बोलावून घेतलं.

पण आतला जाहिरातवाला काही सुटला नव्हता. पाहुणे आले की मुलींनी उभं राहून आई कशी गाडली गेली ते सांगायचं. एखादी अडखळली की हे मागून वाक्य पुरवायचे. मला किळस यायची... तशातच लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे झळकू लागले. आमची एक मुलगी बारावीला जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा एका क्लासशी बोलणी करून यांनी तिचा भला मोठा फोटो बसस्टँडसमोर लावला. खाली शब्द यांचेच : 'अनाथ. तरीही अव्वल.'

तिची आई भूकंपात गेली होती. बाप होता, हैदराबादेत गवंडीकाम करायचा. पोरीसाठी पेढे घेऊन तो एसटीतून उतरला, तर समोर तो बोर्ड. तसाच ऑफिसात आला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"साहेब, मी हाय की अजून जित्ता."

अविनाशराव ओशाळले नाहीत, चिडलेही नाहीत. "मामा, तेवढं बोर्डावर मावत नाही," म्हणाले.

मुलगी दारातच उभी होती. तिनं पेटी भरली आणि बापाबरोबर निघून गेली. बोर्ड आजच्या आज उतरवा, असं मी त्यांना सांगितलं. प्रवेशाचा हंगाम संपू दे, म्हणाले. त्याच आठवड्यात मीही संस्था सोडली आणि कंधारला शाळेत लागले. पुन्हा आम्ही बोललो नाही. पेपरवाले मात्र त्यांना शेवटपर्यंत 'लेकींचा बाप' लिहीत राहिले.

त्या मुलीचं डॉक्टर व्हायचं राहिलं. ती आज उदगीरला नर्स आहे. बातमी मीच तिला कळवली. वाटलं, ती तरी माझ्याबरोबर चार शिव्या घालेल. तिनं विचारलं, त्यांच्या मागं कोण आहे? मुलगा आहे, पुण्यात असतो, मी सांगितलं.

"त्याला फोन करा, ताई," ती म्हणाली. "माझा बाप खरंच गेला तेव्हा मला कुणाचाच आला नाही. लोकांना वाटायचं, तो कधीच गेलाय."

मुलाचा नंबर मिळवलाय. अजून लावलेला नाही.