पाठीवरचा सांगाडा

आमच्या टोळीत हमालाची पाठ गेली तर ते कोणी बोलून दाखवत नाही. मुकादम सकाळी त्याच्यापुढं दाभण आणि सुतळी ठेवतो, बस. मग तो पोती उचलायचं सोडून भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवत बसतो. एकदा दाभण हातात आलं की माणूस परत उचलायला उभा राहत नाही. लोहाऱ्याच्या आडत दुकानावर मी मुकादम झाल्यापासून तिघांपुढं दाभण ठेवलंय. तिघांपैकी एकानंही त्या दिवशी माझ्याकडं पाहिलं नाही.

त्यामुळं एक दिवस मालक कुठल्याशा कॉलेजातल्या इंजिनिअर मॅडमना घेऊन आले आणि 'तुमच्या पाठीसाठी यंत्र आणलंय' म्हणाले, तेव्हा पाणी कुठंतरी मुरतंय हे मी लगेच ओळखलं. ज्या माणसानं मागून मागून पत्र्याखाली एक पंखा लावला नाही, त्याला आमच्या पाठीचा एवढा कळवळा कुठून आला? पोती वर चढवायचा फिरता पट्टा आला तेव्हा तोही 'मदतीला'च आला होता. पुढच्या हंगामात टोळीतले चौघे घरी बसले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशातली आमची गत.

ते यंत्र म्हणजे अंगावर घालायचा सांगाडा. खांद्याला दप्तरासारखे पट्टे, पाठीवर दोन दांड्या, मांड्यांवर गाद्या. वाकलं की आतली स्प्रिंग ताणली जायची आणि उठताना तीच माणसाला वर ओढायची. कमरेवरचा ताण त्यानं कमी होतो, असं मॅडमनी समजावलं. मोटर लावलेले असलेच सांगाडे मोठ्या दवाखान्यांत लकवा झालेल्या माणसांना उभं करायला, पावलं टाकायचा सराव द्यायला वापरतात, असंही त्या म्हणाल्या. मी विचारलं, यात मोजणारं काही आहे का? कोण किती वेळा वाकला, कोण किती वेळ थांबला? त्या म्हणाल्या, यात साधा सेलसुद्धा नाही.

हे झालं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या सुट्टीत त्या मालकांकडं चहाला गेल्या आणि मी दाभणानं मांडीवरची गादी उसवली. आत बोटं घालून चाचपलं. नुसता स्पंज निघाला. मग घाईघाईनं सुतळीनं शिवून टाकलं, पोत्याचं तोंड शिवतात तसं, दोन्ही टोकांना पकडायला कान ठेवून. मॅडमनी आल्या आल्या ते कान पाहिले. त्या नुसत्या हसल्या. मला त्या हसण्याचाही संशय आला.

सांगाडा घालायला कोणी पुढं होईना. जो घालेल त्याची पाठ गेली असं सगळे समजणार, हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी माझा जोडीदार उठला. आमची जोडी वीसेक वर्षांची. पोत्याचे दोन कान त्यानं धरायचे, दोन मी, आणि वाहणाऱ्याच्या पाठीवर द्यायचं. दिवसभर वाकायचं ते आम्ही दोघांनी. गेल्या वर्षापासून तो पोतं उचलताना श्वास रोखून धरायचा आणि सदऱ्याखाली धोतराचा तुकडा करकचून बांधायचा. मी ते पाहून न पाहिल्यासारखं करत होतो. त्याच्यापुढं दाभण ठेवायची माझी हिंमत नव्हती.

दोन आठवडे त्यानं ते अंगावर वागवलं. मांड्या काचायच्या, पाठीला घामाच्या धारा लागायच्या, टोळीतली माणसं 'आला रोबो' म्हणून चेष्टा करायची. पण त्याचा श्वास रोखणं थांबलं. घरी जायच्या जीपची वाट बघताना एका संध्याकाळी तो मला हळूच म्हणाला, "काल म्या खाली बसून जेवलो, गड्या. अन् भिंतीला हात न लावता उठलो."

मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मालकांनी याला फितवलं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बसवून विचारलं, हे ठेवायचं का? आमच्यात बाहेरच्या माणसाशी टोळीच्या वतीनं मुकादमच बोलतो, आणि तो बोलल्यावर दुसरा बोलत नाही. मी म्हणालो, "नको. आमाला त्याचा काय उपेग न्हाय."

मॅडम माझ्याकडं न बघता त्याच्याकडं वळल्या. अंगावर घातलं ते तुम्ही, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नजर सुतळीच्या बिंडलावर ठेवली.

"मुकादम म्हनले तसं," तो म्हणाला आणि बकल सोडायला लागला.

सांगाडा गेला. मालकांनी कोणाला कमी केलं नाही, काही मोजलं नाही, पुन्हा विषयसुद्धा काढला नाही. माझ्या संशयातलं एकही अक्षर खरं ठरलं नाही. तुरीच्या हंगामात एका सकाळी पोतं अर्ध्यावर असताना माझ्या जोडीदाराची कंबर धरली. तो तसाच वाकलेला राहिला, आणि दोघांनी धरून त्याला कट्ट्यावर निजवलं.

आठ दिवसांनी तो परत आला. मी काही ठेवायच्या आत त्यानं स्वतःच खिळ्यावरचं दाभण काढलं आणि पोत्यांजवळ जाऊन बसला. मी शेजारी टेकलो. मला माफी मागायची होती, पण मी नुसती सुतळी उलगडून त्याच्याकडं सरकवली. तोच म्हणाला, "त्या दिशी तू नुस्तं म्हनला असतास, याला इचारा, तर म्या खरं बोललो असतो."

मी मॅडमना फोन लावला. त्या चांगलं बोलल्या. तो सांगाडा दुसरीकडं दिला, पुन्हा मिळाला तर कळवते म्हणाल्या. मी आठवड्याला एकदा फोन करतो. अजून तरी मिळालेला नाही.

आता माझ्या जोडीला नवा माणूस आहे. तो दांडगा आहे, झटक्यात उचलतो, आणि त्याच्याबरोबर उठताना हल्ली मी श्वास रोखून धरतो. टोळीतल्या कोणाच्या ते ध्यानात आलेलं नाही. माझा जुना जोडीदार मात्र समोर बसून शिवताना बघत असतो. अजून कोणाला सांगितलेलं नाही त्यानं. परवा मी पाणी प्यायला त्याच्याजवळ गेलो, तर त्यानं दुसऱ्या एका दाभणात सुतळी ओवून ते शेजारच्या रिकाम्या पोत्यावर ठेवलं होतं.